छातीवरची थरथर

त्या शनिवारी कोथरूडच्या दत्तमंदिरासमोरून मी स्कूटर न थांबवता पुढे काढली. वडील गेल्यापासून रोज तिथे थांबायचो. निम्मं दर्शन, निम्मी हुज्जत. बाबा झोपेतच गेले, शेजारी निजलेल्या आईला चाहूलही लागली नाही. तेव्हापासून हृदयाची थरथर टिपणारी, छातीवर चिकटवायची पट्टी बनवायचं वेड मला लागलं होतं. ती खरं सांगते का, हे इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर पडताळायचं. पडद्यावर हृदयाची झडप उघडते त्याच क्षणी पट्टीची रेघ उठायला हवी. माझ्या हिंजवडीच्या ऑफिसातल्या तरुण मंडळींवर ती तंतोतंत जुळे. मंदिरातल्या ज्येष्ठांवर, म्हणजे जिथे तिची खरी गरज, तिथेच सगळं विसकटे. सोमवारी साहेब काम गुंडाळणार होते आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

इको काढायच्या क्लिनिकमधल्या नेहमीच्या तंत्रज्ञ बाई नेमक्या रजेवर. बदली आलेल्या शेखमॅडमना मी कधी पाहिलंही नव्हतं. मनातल्या मनात चरफडलो. मंदिरातले जोशीकाका टेबलावर कुशीवर निजले. "घाबरू नका काका, देवाचं नाव घ्या," मी सवयीने म्हणालो. सगळ्यांनाच तसं सांगायचो. रेघ पुन्हा विसकटली आणि मी येरझाऱ्या घालू लागलो.

काकांच्या छातीवरचा हात न उचलता शेखमॅडम म्हणाल्या, "सर, आधी तुम्ही एका जागी उभे राहा. काका, आपण जप करताय का? माझ्या हाताला लागतोय."

"यांनीच सांगितलं ना, नाव घ्या म्हणून," काका चिडले.

"घ्या की. फक्त आवाज न करता घ्या."

काका गप्प झाले. झडप उघडली, रेघ उठली. पुन्हा झडप, पुन्हा रेघ. माझे डोळे भरून आले. महिनाभर मीच ज्येष्ठांना जपाला लावत होतो आणि तीच गुणगुण पट्टीत शिरत होती. तरुणांनी माझं ऐकलंच नव्हतं, म्हणून त्यांचं जुळत होतं.

त्या बाईंना कोणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. ज्याने रजा मंजूर केली त्याने, असं बायको म्हणते. माझ्या मनात मात्र कृतज्ञताच आहे.

संध्याकाळी मंदिरात शिरलो आणि बसून राहिलो. बऱ्याच वेळाने माझाच ठोका मला जाणवला. मला न विचारता तो चालला होता. बाबांचाही असाच चालला, आणि न विचारताच थांबला. त्या दिवशी मी देवाला जाब विचारला नाही.