दीड दिवसाची रजा

मुलाखत नावाचा प्रकार गुरुदासच्या आयुष्यात चाळिशीनंतर आला. त्याआधी त्याची गरजच पडली नव्हती. डिचोलीजवळच्या एका खाणीवर वडील मशीन चालवत. एक दिवस मॅनेजरने त्यांना विचारलं, "पोर मोठा झाला मरे?" वडील हो म्हणाले, आणि पुढच्या सोमवारपासून गुरुदास खाणीच्या स्टोअरमध्ये फिल्टर, बेअरिंग आणि टायर देऊ-घेऊ लागला. खाण बंद झाली तेव्हाही त्याला कुणी काही विचारलं नाही. नंतर तो एका हार्डवेअरच्या दुकानात लागला. दुकानदार मुलाकडे लंडनला गेला तसं तेही संपलं.

आता उरलं होतं मस्कत. बायकोचा, सुमंगलाचा, भाऊ गोकुळदास तिथे होता. गोदामात एक जागा होती आणि महिनाअखेरीला हो की नाही ते गोकुळदासला कळवायचं होतं. सुमंगलाने चेन असलेली मोठी बॅग आणून ठेवली. गुरुदासला जायचं नव्हतं. तसं तो कुणाला म्हणाला नाही. फक्त ती बॅग त्याने माळ्यावर माटोळीच्या लाकडी चौकटीमागे सरकवली. गणपतीवर फळं-फुलं टांगायची ती चौकट. चतुर्थी येईपर्यंत तिकडे कुणी बघत नाही.

गोव्यातच नोकरी शोधायची तर मुलाखती आल्या. पहिली एका औषधांच्या कारखान्यात झाली. साहेबांनी विचारलं, "स्वतःबद्दल सांगा." आमच्याकडे माणूस कोण ते त्याच्या घरावरून कळतं, तेव्हा गुरुदासने गाव सांगितला, वाडा सांगितला, वडील, काका, देवस्थानातला मान. आईचं माहेर केरीचं आहे इथवर तो आला तेव्हा साहेब घड्याळाकडे बघत होते. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, "पगाराची अपेक्षा काय?" तो म्हणाला, "तुम्हाला बरा दिसेल तो." त्यांना कोणताच बरा दिसला नाही.

मग मुलीने, सिद्धीने, त्याला हाती घेतलं. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि कॉलेजात तिला मुलाखतीचं प्रशिक्षण मिळत होतं. तिला स्वतःला अजून नोकरी नव्हती, त्यामुळे शास्त्र अगदी शुद्ध होतं.

"बाबा, गाव नको, वाडा नको. तू काय केलंस ते सांग."

"माझं मी काय सांगू गो? मी काय निवडणुकीला उभा आहे?"

"मेहनती आहे असं नुसतं म्हणायचं नाही. एक उदाहरण द्यायचं, तुझ्या हातून झालेलं. जायच्या आधी ती जागा कसली, तिथे काय चालतं, ते बघून ठेवायचं. पगाराचा आकडा घरूनच ठरवून न्यायचा. आणि काही झालं तरी रजेची गोष्ट काढायची नाही."

"त्यांनीच काढली तर?"

"नको म्हणायचं."

"चतुर्थीची पण?"

सिद्धीला कॉलेजात हा भाग शिकवला नव्हता. "चतुर्थीची पण," ती म्हणाली.

आतून सुमंगला म्हणाली, "गणपतीच्या नावाने खोटं बोलायला शिकवतात गो तुमच्या कॉलेजात?"

तिसरी मुलाखत हरमलच्या एका हॉटेलात होती, स्टोअरकीपरची. गुरुदास आदल्या दिवशीच स्कूटर घेऊन गेला आणि भाजीचा टेम्पो कुठे लागतो, गॅस कुठे उतरवतात, ते बाहेरून बघून आला. घालायचा शर्ट सिद्धीने ठरवला.

मुलाखत घेणारी वैशाली माने कोल्हापूरची होती. तिने सुरुवात इंग्रजीत केली, त्याचा चेहरा बघून मराठीवर आली. गाव-वाडा त्याने टाळला. पगाराचा आकडा सांगितला, घाम पुसला. सगळं शास्त्राप्रमाणे चाललं होतं.

"चतुर्थीला रजा लागेल?"

गुरुदासने तोंड उघडलं. "नको" हा शब्द घरून पाठ करून आणला होता. तो काही बाहेर येईना.

"लागेल," तो म्हणाला. "दीड दिवस."

वैशालीने पेन खाली ठेवलं. आता मस्कत, असं त्याला वाटलं. आणि जायचंच आहे तर बोलायला काय हरकत, असंही वाटलं असावं.

"आमच्या घरचा गणपती दीड दिवसाचा. तिसऱ्या सकाळी मी हजर. खाणीवर मी तेच करायचो. कुणाचा दीड दिवसाचा, कुणाचा पाच, कुणाचा सात, ते महिनाभर आधी विचारून ठेवायचो. दीडवाले परत आले की ते पाचवाल्यांची ड्यूटी ओढायचे. पहिले दोन दिवस बाहेरगावचे लोक, त्यांना दिवाळीला जादा सुट्टी. आमच्या स्टोअरला चतुर्थीत कुलूप नव्हतं."

त्याने दिलेलं हे पहिलं उदाहरण. आपण ते दिलं हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

"गणपती आमच्याकडेही बसतो हो," वैशाली म्हणाली. "पण कोल्हापूर बंद पडत नाही. गेल्या वर्षी सगळे नको म्हणाले होते, रजा नकोच. त्या दिवशी किचनला मी आणि एक वॉचमन. आम्लेटं मी केली. लोकांनी रिव्ह्यूत लिहिलंय कशी होती ते." ती जरा हसली. "तिसऱ्या सकाळी नक्की?"

"नक्की."

"मग लागा. चतुर्थीपर्यंत प्रोबेशन. आलात तर कायम, नाहीतर तिथूनच नमस्कार."

गोकुळदासला 'नाही' असं कळवलं. तो रागावला नाही. चतुर्थीला स्वतःच मस्कतहून आला. दुसऱ्या संध्याकाळी गुरुदासच्या गणपतीचं विसर्जन झालं, आणि सगळे सासुरवाडीला आरतीला गेले. तिथला गणपती पाच दिवसांचा. टाळ, फुगड्या, जेवणं. गुरुदास उठायला लागला तसा गोकुळदासने त्याचा हात धरला.

"भावोजी, राहा हो! फोन करा, ताप आलाय म्हणा. मी तर आई सीरियस आहे सांगून आलोय."

सीरियस आई स्वयंपाकघरात करंज्यांसारख्या नेवऱ्या तळत होती. तिथूनच ती ओरडली, "कोण सीरियस रे?"

गुरुदास रात्रीच घरी परतला आणि सकाळी त्याने माळ्यावरची बॅग काढली. माटोळी उतरवलेली होती. तोरिंजनाची फळं, सुपारीचे घोस, सासूने दिलेल्या नेवऱ्या, सगळं तिच्यात भरलं. मस्कतसाठी घेतलेली बॅग स्कूटरच्या पुढ्यात कशीबशी बसली.

हरमलला वैशाली स्टोअरच्या दारात उभी होती. केसांना पीठ लागलेलं, हातात किल्ल्या. तिने आधी रस्त्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग बॅगेकडे.

"राहायलाच आलात का?"

"नेवऱ्या आहेत," गुरुदास म्हणाला, आणि किल्ल्यांसाठी हात पुढे केला.