मामांची मोटार आणि बिम्याचा पाहुणा

मोटार बाळगणारी माणसं जगात पुष्कळ झाली असतील, पण मोटारीत बसून रस्त्यावरच्या प्रत्येकाची माफी मागत जाणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मग त्यांचा ड्रायव्हर इस्माईल म्हणू लागला, वालूरची निम्मी पेठ म्हणू लागली, आणि शेवटी त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नाही. निजामाच्या राज्यात, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी, सेलूपासून वालूरपर्यंतच्या रस्त्यावर मोटार अशी ही एकच. काळी, कापडी छताची, उंच पायरीची. मामांचं धाकट्या भावाबरोबर सरकी-पेंडीचं आणि किराण्याचं दुकान होतं. भावाचा सगळा जीव दुकानात आणि मामांचा सगळा जीव त्या मोटारीत, असा दोघांचा सलोख्याचा संसार होता.

मामा रोज सकाळी अंघोळ करून इष्टलिंग तळहातावर घ्यायचे, पूजा करायचे, कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढायचे आणि उरलेलं भस्म बोटांवर तसंच ठेवून अंगणात यायचे. मग मोटारीच्या कपाळावर, म्हणजे दोन दिव्यांच्या मधोमध, तसेच तीन पट्टे ओढायचे. त्याआधी इस्माईलने मोटारीला हात लावायचा नाही. "पारोशी हाय ती अजून," असं मामा म्हणत. इस्माईल बिचारा इंजिनात ओतायच्या पाण्याची बादली घेऊन कडेला उभा राही. आत्या सैपाकघरातून बघायची आणि म्हणायची, "सवत आणली असती तर परवडलं असतं. ती भाकरी तरी थापू लागली असती."

आता ही मोटार मामांनी कशासाठी घेतली, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण ते मामा कधी कुणाला सांगायचे नाहीत. आत्याचं माहेर म्हणजे आमचं पेडगाव. मोटार यायच्या आधी आत्याला नागपंचमीला माहेरी यायचं म्हणजे वालूरहून सेलूपर्यंत छकडा, मग रेल्वेची वाट, मग पेडगावच्या स्टेशनावर आमची गाडी यायची वाट. एके वर्षी छकड्याचा आख मोडला, रेल्वे हुकली, आणि आत्या सेलूच्या स्टेशनावर नव्या पातळात बसून पंचमीचा दिवस मावळताना बघत राहिली. त्या वर्षी फेर धरणाऱ्या पोरीबाळींत आमची आत्या नव्हती. पुढच्या पंचमीला ती आली ती मोटारीतून, वेशीपर्यंत धुळीचा लोट घेऊन. मामांना विचारलं तर म्हणाले, "दुकानाला लागतीच की मोटार." दुकानाची पेंड मात्र शेवटपर्यंत बैलगाडीनेच जात राहिली.

मामा स्वतः मोटार चालवत नसत. इस्माईलच्या शेजारी मांडी घालून बसत, आणि त्यांच्या आज्ञेशिवाय इस्माईल हॉर्न वाजवत नसे. आज्ञा मामांनी कधी दिलीच नाही. माणसाला मागून भोंगा वाजवून बाजूला हो म्हणणं ही त्यांच्या मते परम असभ्यता होती. "आपुन बसून जायलाव, ते पायी जायलंय. वर त्याच्यावरच वरडायचं व्हय?" पुढे कुणी दिसलं की मामा मोटार हळू करायला लावत, अर्धं अंग बाहेर काढत आणि म्हणत, "जरा वाट द्या, पाव्हणं. घाई न्हाई." ते शेवटचं 'घाई न्हाई' ऐकून पाहुणे खरोखरच घाई करत नसत. थांबून मामांच्या तब्येतीची, दुकानाची, पावसापाण्याची चौकशी करत. त्यांतले निम्मे मग मोटारीत चढून बसत. सेलूपर्यंत जायला मोटारीला जवळपास छकड्याइतकाच वेळ लागे, आणि सेलूला पोचेपर्यंत पायरीवरसुद्धा दोन-चार जण उभे असत. इस्माईल कपाळाला हात लावून आपल्या दखनी उर्दूत म्हणायचा, "मामा, ये मोटार है या जत्रा?"

अपघात झाला तोही या सभ्यतेपायीच. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेला होता. सेलूचा बाजार करून परतताना मोटारीच्या पुढे एक बैलगाडी निघाली. गाडीवान म्हातारा कासरा हातात धरून गाढ झोपलेला, आणि बैल आपल्या आपण घरी निघालेले. वाट मागावी तर म्हातारा जागा नाही. इस्माईल म्हणाला, "मामा, हॉर्न मारूं?" मामा म्हणाले, "झोपल्यालं माणूस हाय. नको." बऱ्याच वेळाने इस्माईल पुन्हा म्हणाला, "मामा, मारूं?" मामा म्हणाले, "कडंनं काढ की." कडेला काळी माती होती. मोटारीची चाकं त्या मातीत घसरली आणि मोटार सावकाश, अगदी मामांच्या स्वभावाला शोभेल अशा बेताने, बाभळीला जाऊन भिडली. एक दिवा फुटला, पुढची काच तडकली, चाकावरचं मडगाट पत्रावळीसारखं दुमडलं, पुढचा लोखंडी दांडा वाकडा झाला. माणसांना खरचटलंसुद्धा नाही. म्हातारा जागा झाला नाही. मामा खाली उतरले, त्यांनी आधी गाडीत डोकावून पाहिलं आणि इस्माईलला हळूच म्हणाले, "बरं झालं, झोपमोड झाली न्हाई."

धाकट्या भावाने मात्र आता पाय रोवले. मोटारीपायी दुकान आधीच खंगलंय. बिमा कंपनी दुरुस्तीचा खर्च देणार असेल तर मोटार ठेवा, नाही तर सेलूचा अडत्या कधीपासून मागतोय, त्याला देऊन टाका, असं त्याने सांगितलं. त्याचंही काही चुकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी भस्म लावताना मामांचा हात मोटारीच्या कपाळावर बराच वेळ राहिला, असं आत्या मला नंतर सांगत होती. पंचमी तोंडावर आली होती.

मी तेव्हा परभणीच्या तहसिलीत उमेदवारी करत होतो. घराण्यात उर्दू वाचता येणारा मी एकटा, म्हणून हैदराबादेहून बिमा कंपनीचं पत्र आल्यावर मला वालूरला बोलावून घेतलं. पत्र सरळ होतं. आमचे साहेब अमुक दिवशी पाहणीला येतील, मोटार आहे तशी ठेवावी, तिला काहीही करू नये. मी ते दोनदा वाचून दाखवलं, मराठीत फोड करून सांगितलं. मामांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि त्यांचे डोळे पाणावले. "केवढं खानदानी माणूस असंल! काही करू नका म्हणायलाय."

मी म्हणालो, "मामा, तसं नाही. खरंच काही करायचं नाही."

मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तू शिकलास, पर तुला रीत न्हाई कळली. कोन्ता पाव्हना येताना म्हनतो, माझ्यासाठी पुरण घाला म्हणून? काही करू नका, असंल ते चालंल, असंच म्हनतेत भले लोक. म्हणून काय आपुन शिळी भाकर वाढावी? पाव्हण्याला मोडकं दाखवायचं व्हय?"

आमच्या भागात 'काही करू नका' याचा अर्थ कढई चढवा असाच होतो, हे मलाही माहीत होतं. मी परभणीला परतलो, आणि मामांनी कामाला हात घातला. परभणीहून मिस्त्री आला, नवा दिवा आला, नवी काच बसली, नवं मडगाट चढलं, पुढे नवा दांडा लागला, काळ्या रंगाचा हात फिरला. छताला गोंड्याच्या माळा लागल्या. अंगण सारवून झालं. ठरलेल्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून वालूरला गेलो, तर मोटार नवरीसारखी नटून साहेबांना आणायला सेलूच्या स्टेशनावर गेलेली.

हो, त्याच मोटारीतून साहेब आले. शेरवानी, रूमी टोपी, सोनेरी काड्यांचा चष्मा, काखेत चामड्याची पिशवी. वाटेत चार जणांना बसवून घेतलेलं, त्यांतल्या एकाचं गाठोडं साहेबांच्या मांडीवर. तरी गृहस्थ खुशीत होते. ओसरीवर पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून टेप काढला, चष्मा पुसला आणि अदबीने विचारलं, "सेठजी, टूटी सो मोटार किधर है?"

मामांनी अभिमानाने अंगणाकडे हात केला.

साहेबांनी अंगणात पाहिलं, मामांकडे पाहिलं, पुन्हा अंगणात पाहिलं. मग म्हणाले, "इसको क्या हुआ है? मैं इसमें बैठ के आया." मामा म्हणाले, "तेच की! तुमी येणार म्हणून नीट केली." साहेबांनी टेप पिशवीत परत ठेवला. कंपनी मोडलेल्या मोटारीचे पैसे देते, साबूत मोटारीचे नाही, असं त्यांनी फार वाईट वाटून, थांबत थांबत सांगितलं. मामांचा चेहरा उतरला. नवा दिवा, नवी काच, नवं मडगाट, सगळं आता त्या अडत्याच्या दारात जाणार होतं. धाकटा भाऊ दुकानाच्या पायरीवरून सगळं ऐकत होता.

तेवढ्यात दाराआडून आत्याचा आवाज आला. ज्या आत्याने मोटारीला सवत म्हणून म्हणून बेजार केलं होतं, तीच डोक्यावरचा पदर सारखा करत ओसरीवर आली. परक्या पुरुषासमोर तिने असं येण्याची ही पहिलीच वेळ. "साहेब, मोडल्यालं बघायचंय न्हवं? चला मग, दावते. आमच्या माणसाला काही टाकवत न्हाई, आन् कुणाला न्हाई म्हनवत न्हाई. सगळं गावात हाय."

आणि आत्या पुढे, साहेब मागे, त्यांच्यामागे मामा, इस्माईल, मी आणि हळूहळू सगळं वालूर अशी बिम्याची पाहणी निघाली. तडकलेली काच हलवायाच्या दुकानात पेढ्यांवर झाकण होऊन बसली होती. साहेबांनी माश्या वारत तिची लांबीरुंदी मोजली, हलवायाने त्यांच्या तोंडात पेढा घातला. फुटका दिवा महादेवाच्या देवळात समईला वाऱ्याचा आडोसा झाला होता. साहेब जोडे काढून बाहेर उभे राहिले आणि गुरवाने दिवा आणून दाखवला. वाकडा दांडा तेल्याच्या दाराला अडसर होता; तो काढल्यावर दार पुन्हा लागेना, म्हणून इस्माईल आणि साहेबांनी मिळून तो बसवून दिला. दुमडलेल्या मडगाटात परटिणीची शेळी पाणी पीत होती. शेळीने साहेबांच्या शेरवानीचं टोक चघळलं, पण साहेबांनी कडेची भोकं मोजून घेतल्याशिवाय मडगाट सोडलं नाही. घरोघर चहा झाला. परत येईतो साहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. "बीबीजी," ते आत्याला म्हणाले, "टूटी सो मोटारां मैं बहोत देख्या. पूरे गांव में बांटी सो मोटार आज देख्या."

आता फक्त अपघाताची हकीकत लिहायची राहिली. साक्षीदार म्हणून बैलगाडीवाल्या म्हाताऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "मला काय बी ठावं न्हाई. मी झोपलो व्हतो." साहेबांनी तेही लिहून घेतलं. मग लेखणी थांबवून त्यांनी विचारलं, "हॉर्न बजाये थे?" इस्माईलने मान खाली घातली. नियम सगळ्यांना ठाऊक होता: हॉर्न न देता पुढे काढली तर चूक मोटारवाल्याची, आणि कंपनी हात वर करायला मोकळी. एक 'हो' म्हटलं की काम होत होतं. आत्या मामांकडे बघत होती, धाकटा भाऊसुद्धा मामांकडे बघत होता. मामांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीवर गेला. "न्हाई वाजिवला," ते म्हणाले. "म्हातारं झोपलं व्हतं."

साहेबांनी त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो तेवढ्यात ओसरीच्या खांबाला टेकून पुन्हा पेंगू लागला होता. मग त्यांनी कागदावर एक ओळ लिहिली आणि सही केली. मी खांद्यावरून वाचली. हॉर्न दिला नाही, कारण पुढे एक बुजुर्ग आराम फर्मावत होते. एवढंच. हैदराबादेत त्या ओळीवर काय खल झाला कुणास ठाऊक, पण पंचमीच्या आत पैसे आले. साहेबांना पुरणपोळी खाऊ घालून मोटारीतूनच सेलूला पोचवलं, आणि त्या पंचमीला आत्या पेडगावच्या वेशीत मोटारीतून उतरली तेव्हा मी तिथेच उभा होतो. ती सवतीला काहीतरी हळूच बोलली आणि तिच्या कपाळावर तिने हळदकुंकू लावलं.

मोटार पुढे पुष्कळ वर्षं टिकली. लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा ती अंगणात नुसती उभी असे, तरी भस्म चुकलं नाही. राज्य बदलायच्या थोडं आधी मामा आजारी पडले आणि परभणीच्या दवाखान्यात त्यांनी प्राण सोडला. त्यांना वालूरला परत आणायला इस्माईल मोटार घेऊन आला. आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला निजवून नेत नाहीत, बसवून नेतात. म्हणून मामा आपल्या नेहमीच्या जागी, इस्माईलच्या शेजारी, मांडी घालून बसलेले. कपाळावर तीन पट्टे त्यांच्याही आणि मोटारीच्याही. मागे आत्या आणि मी.

सेलूचा बाजार नुकताच उठला होता आणि वालूरचा सगळा रस्ता गाड्यांनी भरलेला होता. मला वाटलं, आज तरी इस्माईल हॉर्न वाजवील. त्याचा हात हॉर्नकडे गेला नाही. त्याने मोटार हळू केली, अर्धं अंग बाहेर काढलं, आणि जन्मभर मामांशी दखनीतच बोलणारा तो माणूस मामांच्या बोलीत म्हणाला, "जरा वाट द्या, पाव्हणं. घाई न्हाई."