बाईपुरतं रक्त

माह्या अंगात फक्त बाईपुरतं रक्त हाय, हे आर्णीच्या लॅबवाल्यानं मले भर गर्दीत सांगितलं.

झालं असं, कापसाच्या त्या मेल्या सालात माही बायको शेवंता येचता येचता थकून धुऱ्याच्या बांधावर बसून जाये. "घरी राह्य" म्हन्लं तं आयके कुठं! शेवटी मी चिडून शर्त लावली, "चाल आर्णीले. ज्याचं रक्त कमी निघन तो घरी बसन, भाकरी टाकन. दुसरा कापूस येचन!" (मी बाभळीच्या खोडासारखा. मले कायची भीती?)

दोघायचंही निघालं साडेबारा!

लॅबवाला तिले म्हने, "काकू, झकास!" अन् मले, "काका, तुमच्यात रक्त कमी हाय."

"काबे, डोये फुटले काय? आकडा तं एकच हाय!"

"मानसाले तेरा तरी लागते. बाईले बारा पुरते."

मी असा भडकलो! आदल्याच हप्त्यात कापूस खरेदी केंद्रावरच्या ग्रेडरनं माहा कापूस हलका ठरवला, अन् शेजाऱ्याचा तसाच कापूस पास केलता. "आता रक्तातही ग्रेड पाडता का रे हरामखोरो?"

"काका, मानसामानसात फरक असते. आफ्रिकेतल्या कित्येक लोकायच्या पांढऱ्या पेशी जन्मापासूनच कमी, तरी धडधाकट. त्यायचं माप निराळं."

"मंग मले त्यायच्या मापानं मोज!"

"त्या पांढऱ्या, काका. तुमच्या लाल कमी हायेत."

शेवंता तोंडात पदर कोंबून हासे. दुसऱ्या दिवशी माहाच दुपट्टा डोक्याले बांधून म्हने, "अजी, पीठ डब्यात हाय," अन् चालली वावरात! माही पहिली भाकरी फाटली, दुसरी जळाली, तिसरी कुत्र्यानं हुंगून सोडली. वावरात बाया इचारत, "बुढा बाळंत झाला का वो?" ती सांगे, "नाही वो, रक्त कमी हाय त्यायले!" सांजच्याले थकून धपकन बसे, तरी गूळ-शेंगदाने मलेच चारे. सोता जळकी भाकरी खाये.

दोन सालांनी तापानं गेली. मले न इचारता! तो राग अजून जात नाही.

परवा लॅबवाला म्हने, "काका, पावने चौदा! पास!"

तिच्याहून जास्त! म्हंजे शर्त मी जिंकलो, भाकरी आता तिनं टाकाची. हे सुनवाले तावातावानं घरी आलो, दारातूनच हाक मारली... अन् चूल मीच पेटवली. भाकरी जळालीच. तिच्या गुळानं रक्त वाढलं, अक्कल नाही!