चौदा खिशांचं जॅकेट

"तो अंकल आला बघ. आता सगळी जॅकेटं उलटी होणार लाह," सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या मॉलमधल्या दुकानात एक विक्रेती दुसरीला, शेवटी इथलं नेहमीचं 'लाह' जोडून, हळूच म्हणाली आणि मी टांगलेल्या रेनकोटांच्या मागे सरकले, कारण त्या अंकलबरोबर मीच आले होते. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका तोवर पहिल्या जॅकेटपाशी पोचले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कॉलर उलटी केली, लेबल नाकाजवळ नेलं आणि डॉक्टर वाईट बातमी देताना हलवतात तशी मान हलवली. मग दुसरं जॅकेट. मग तिसरं. सिंगापूर बाहेरून सगळ्यांनीच पाहिलं आहे. ते आतून, म्हणजे शिवणीच्या बाजूने, पाहिलेला माणूस माझ्या माहितीत हा एकच.

काका मूळचे पुण्याचे. वीस वर्षं इथल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करत होते. त्यांना रानावनात घालायचे कपडे लागत, तेही शिकाऱ्याचे, आणि ते जिथे घालायचे त्याच देशात शिवलेले हवेत असा त्यांचा हट्ट होता. ज्या देशात शिकार नाही आणि कपड्यांचे कारखाने जवळजवळ उरलेले नाहीत, तिथे हा हट्ट धरायला वेगळंच धैर्य लागतं. शिकाऱ्याचेच का, ह्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असे: चिखलात चार तास हलायचं नाही, हे डोक्यात ठेवून कपडे शिवले ते फक्त शिकाऱ्यांसाठीच. काका स्वतः शुद्ध शाकाहारी. त्यांच्या अंगातल्या जॅकेटवर छातीशी काडतुसं अडकवायची पट्टी होती आणि तिच्यात होमिओपॅथीच्या बारा बाटल्या ओळीने बसत. असे सजून ते रविवारी पहाटे पुंगोलच्या पाण्याकाठी पाणमांजरं बघायला जात. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. नुसते बघत. काकू म्हणायच्या, "वाघाचं सोडा, घरात झुरळ निघालं तर हे आधी खुर्चीवर चढतात, मग मला हाक मारतात."

'इथलंच का' ह्याचं उत्तर मात्र काका सावकाश, आवाज खाली आणून देत. "कपडा अशा माणसाकडून घ्यावा," ते म्हणत, "ज्याच्याशी परत जाऊन भांडता येतं. लेबलावरच्या देशाशी कसा भांडणार तू?" त्या दिवशी मॉलमध्ये त्यांनी विक्रेतीला विचारलंच की ह्या अख्ख्या दुकानात सिंगापुरात बनलेलं काय आहे. ती बिचारी सगळ्या कप्प्यांवरून नजर फिरवून म्हणाली, "ही पिशवी." काकांनी तिचे मनापासून आभार मानले, मोज्यांची एक जोडी घेतली ती पिशवीसाठी, आणि ती कागदी पिशवी पुढे कित्येक महिने त्यांच्या स्वयंपाकघरात कांदे सांभाळत उभी होती.

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. मी इथे संशोधन करते. खारफुटीत ओहोटीच्या वेळी खेकडे मोजायचे, त्यांच्या पाठीची रुंदी टिपायची, असं माझं काम. पहिल्या वर्षी माझ्याकडे एक महागडं परदेशी जॅकेट होतं. ते थंड देशातल्या उंच पुरुषाच्या मापाचं होतं. बाह्या तीनदा दुमडून घालायचे आणि आत इडलीसारखी वाफत राहायचे. एकदा तशीच चिखलाने माखून, ते हातावर टाकून घरी येत होते, तर लिफ्टमधल्या अनोळखी गृहस्थांनी गंभीरपणे विचारलं, "लेबल बघू का जरा?" मी घाबरून जॅकेट पुढे केलं. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "ह्याला इथला घाम माहीतच नाही गं." मग एकदम ओशाळून, "मी तुमच्या खालच्या मजल्यावरचा. शनिवारी जेवायला ये, घरात काकू आहेत." मी गेले. त्यानंतर दर शनिवारी जात राहिले.

मला बोलायला वेळ लागतो. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. काही मागायचं किंवा नाकारायचं असलं की वाक्य मनात आधी इंग्रजीत तयार होतं, ते मराठीत आणेपर्यंत विषय बदललेला असतो. काका-काकूंना ह्याची अडचण कधी वाटली नाही. दोघं मिळून माझ्या वाटचंही बोलत आणि मी आमटी-भात जेवत असे.

एका शनिवारी काका मला हौगांगला घेऊन गेले. तिथे बाजाराला लागून, एका इमारतीच्या तळमजल्यावर म्हाताऱ्या चिनी आंटीचं शिवणाचं दुकान होतं. आंटी शाळेचे गणवेश शिवायची, गाणाऱ्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यांना खोळी शिवायची, आणि कित्येक वर्षांपूर्वी काकांचं ते जॅकेट तिनेच शिवलं होतं. तेव्हापासून महिन्यातून एकदा ते तिच्याकडे काहीतरी तक्रार घेऊन जात. कधी काज ढिलं झालेलं असे, कधी बगलेत काचत असे. आंटी त्यांना बघितलं की मशीन थांबवून आधी कॉफी मागवी. मी इतकं आपुलकीचं भांडण दुसरीकडे पाहिलेलं नाही.

त्या दिवशी भांडण माझ्या जॅकेटवरून झालं. काकांनी वहीत चौदा खिशांचा नकाशा काढून आणला होता. आंटी म्हणाली, "अंकल, ही मुलगी आहे, कपाट नाही." काका म्हणाले, तिला चिखलात खाली काही ठेवता येत नाही, सगळं अंगावरच हवं. कापड कुठलं असं त्यांनी विचारलं तेव्हा आंटी म्हणाली, कपाटातलं, आणि काकांनी तो विषय तिथेच सोडला. बटणं चीनहून आल्याचं कळल्यावर मात्र त्यांनी एकेक बटण उजेडात धरून उलटसुलट तपासलं. आंटीने माझी मापं घेतली. शाळेच्या गणवेशानंतर कोणी माझ्या मापाचं काही शिवायला घेतलं ते तेव्हाच. दोघांनी मिळून ठरवलं: वही छातीशी डावीकडे, खेकड्याची रुंदी मोजायचं कॅलिपर उजव्या कमरेला, पेन्सिली उजव्या कुशीला, हात टाकला की हातात. काका उजव्या हाताने हवेत खेकडा मोजून दाखवत होते. आंटीने तोंडात टाचण्या धरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बरोबर?"

मी डावरी आहे. जेवते उजव्या हाताने, लहानपणी तशी सवय लावली म्हणून. बाकी सगळं डाव्याने. शनिवारच्या जेवणांवरून काकांना हे कळायला काही मार्ग नव्हता. वाक्य माझ्या मनात तयार होतं. पण दोन म्हातारी माणसं माझ्यासाठी इतकी जीव तोडून भांडली होती की मी म्हणाले, "बरोबर."

जॅकेट उत्तम झालं. आत वारा खेळतो, डास त्याच्यापुढे हात टेकतात, बाह्या मनगटाशी येऊन थांबतात. ते घातलं की मी चिखलातसुद्धा जरा मोठ्याने बोलते, असं माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीचं म्हणणं आहे. फक्त कॅलिपर काढायला मला स्वतःभोवती पिळावं लागतं, आणि पेन्सिल काढताना कोणी बघितलं तर मी स्वतःलाच मिठी मारते आहे असं वाटतं. ते चिखलाने भरायचं म्हणून मी प्रयोगशाळेतच ठेवायचे, त्यामुळे काकांनी ते माझ्या अंगावर कधी पाहिलं नाही. दर शनिवारी ते पहिल्या घासाबरोबर विचारत, "मग? काही तक्रार?" मी म्हणे, "नाही काका, छान आहे." आणि दर वेळी त्यांचा चेहरा किंचित उतरे. मला वाटायचं, मी नीट आभार मानत नाही म्हणून. पुढच्या वेळी मी 'खूप छान आहे' म्हणायचे. चेहरा आणखी उतरायचा.

त्याचा अर्थ मला काकूंकडून कळला, तोही उशिरा. तोवर आंटीच्या हातांना कंप सुटला होता आणि तिच्या मुलीने दुकान बंद करून तिला आपल्याकडे नेलं होतं. काका निवृत्त झाले होते आणि दोघं कायमचे पुण्याला निघाले होते. मी भांडी कागदात गुंडाळायला मदत करत होते. काकू म्हणाल्या, "तुला ते जॅकेट आवडलं नाही ना गं? ह्यांनी ओळखलंय. म्हणतात, पोरगी घालतच नाही. घातलेल्या कपड्याची तक्रार नाही असं होतंच नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी 'नाही, नाही' म्हणाले. पण माझं 'नाही' त्या घरात वर्षभर ऐकून झालेलं होतं.

निघायच्या दिवशी मी प्रयोगशाळेत जाऊन जॅकेट घेऊन आले. धुतलं नाही. कोपरावर मी लावलेलं ठिगळ होतं, काठ चिखलाने कायमचे तपकिरी झाले होते. इमारतीखाली टॅक्सीत सामान चढत होतं. काकूंनी आत बसून, विमान काही ह्यांच्यासाठी थांबणार नाही असं ड्रायव्हरला हिंदीत सांगितलं. काकांनी आपलं जॅकेट अंगातच घातलं होतं, कारण बॅगेचं वजन भरलं होतं, आणि ते वाकले की बाटल्या किणकिणत. माझ्याकडे वळून त्यांनी सवयीने विचारलं, "मग? काही तक्रार?" पण उत्तराची वाट न बघता ते दार उघडायला लागले.

मी पिशवीतून जॅकेट काढलं आणि तिथेच, सगळ्यांसमोर, अंगात घातलं. काका दार धरून उभे राहिले. ठिगळाकडे त्यांचं लक्ष गेलं, मग काठांकडे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. ह्या वेळी वाक्य माझ्या मनात मराठीतच आलं होतं.

"आहे," मी म्हणाले. "मी डावरी आहे, काका. सगळे खिसे उलट्या बाजूला लावलेत तुम्ही दोघांनी. वर्षभर रोज घालतेय आणि रोज पिळवटून निघतेय. आता आंटीचं दुकान नाही, तुम्हीही चाललात. मला पुण्याचा पत्ता लिहून द्या, मी भांडायला येणार आहे."