अश्वगंधेचं दूध
डॉक्टरांनी झोपेसाठी अश्वगंधेच्या कॅप्सूल दिल्या. बाटली उघडली आणि तो उग्र, मातकट वास मला थेट घाटकोपरच्या आमच्या चाळीतल्या खोलीत घेऊन गेला. मुदतीच्या तापातून उठलेल्या बाबांना इतका अशक्तपणा आला होता, की कारखान्यात उभं राहवत नव्हतं. आई रोज सकाळी अश्वगंधेची मुळी कुटायची, दुधात पाणी घालून ते आटेपर्यंत उकळायची आणि खडीसाखर टाकून कप बाबांना द्यायची. ती नळावर गेली, की बाबा दोन घोट घेऊन कप माझ्याकडे सरकवायचे. "पी गं बाय, आई यायच्या आत." सरकारी दूध केंद्रावरून रोज एकच बाटली यायची, आणि मला दूध फार आवडायचं. महिना झाला तरी बाबांचे गाल बसलेलेच. आई मला घेऊन तडक काष्ठौषधीच्या दुकानात गेली. "तुमच्या मुळीत दमच नाही! जुना माल देता काय?" दुकानदार माझ्याकडे बघत म्हणाला, "पोरीचे गाल मात्र मस्त वर आलेत, ताई." आईने माझ्याकडे पाहिलं आणि भांडण तिथेच सोडलं. दुसऱ्या दिवशी तिने दोन कप भरले आणि स्वतः कोरा चहा घेतला. "दुधाच्या चहाने पित्त होतं मला," म्हणाली. आता फ्रिजमध्ये दुधाच्या चार पिशव्या असतात. मी कॅप्सूल फोडून पूड दुधात उकळते, खडीसाखर घालते. वास अगदी तोच येतो. आईसारखेच दोन कप मांडते, आणि मग बाबांचा परत ठेवून देते.