ज्याच्या कानावर यंत्र शिकलं

पोलिसातल्या माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळातली ही चोरी तशी किरकोळ होती, पण आजही ती डोक्यातून गेलेली नाही.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीतून फिर्याद आली. फिर्यादी नेसरीकडची तरुण इंजिनिअर. तिचं छोटं स्टार्टअप होतं. फौंड्रीत गाड्यांच्या ब्रेकचे ड्रम ओतायचे आणि पारखायला प्रत्येकावर हातोडी मारायची. नाद खणखणीत आला तर माल चांगला, बद्द आला तर आत तडा. हा नाद ऐकून निकाल देणारं यंत्र तिने त्या फौंड्रीत बसून तयार केलं होतं. त्याला शिकवलं तिथल्या जुन्या मिस्त्रीने. तो ठोकायचा आणि चांगलं की वाईट ते सांगायचा. संगणक ते लक्षात ठेवायचा. हे सगळं दोन हार्डडिस्कवर होतं आणि दोन्ही गायब होत्या. कारखान्याबाहेर काही साठवायचं नाही, अशी मालकाची अट होती. मूळ आणि प्रत एकाच कपाटात ठेवणारी हुशार माणसं मी बरीच पाहिली आहेत.

चार दिवसांनी पुण्याची मोठी कंपनी यंत्र पाहायला येणार होती. "ते झालं नाही तर माझं दुकान बंद, साहेब," ती म्हणाली.

पंचनाम्यात कुलूप शाबूत दिसलं. म्हणजे किल्लीची जागा माहीत असलेला माणूस. मी वहीत यादी केली. पहिलं नाव तिला सोडून गेलेल्या भागीदाराचं. त्यात दीड दिवस गेला. तो बंगळुरात होता. मग गेटसमोरच्या चहावालीने हवालदाराला खबर दिली, "मिस्त्रीमामा सुट्टी असून आलता की. जाताना पिशवी छातीला धरून गेला."

मिस्त्री पेठ वडगावकडचा. ठाण्यात शांत बसला. "मला काय ठावं न्हाय," एवढंच बोलायचा. चौकशीत उठून माणसाच्या मागे जाऊन प्रश्न विचारायची माझी जुनी सवय. पुढून विचारलं की उत्तर यायचं, मागून विचारलं की काहीच नाही.

हवालदार तापला. "ओ पावणं, सायेब इचारत्यात! कानात बोळं घातल्यात काय?"

मी मागे उभा राहून नेहमीच्या आवाजात म्हणालो, "मामा, मानेवर पाल आहे."

हवालदार उडाला. मिस्त्री हलला नाही.

मी समोर बसलो आणि सावकाश विचारलं, "कधीपासून ऐकू येत नाही?"

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "दोन वर्सं झाली. मोठं बोललं तर कळतंय, तोंड बघून कळतंय. नाद न्हाय कळत. अंदाजानं सांगतोय."

"मग डिस्क का नेल्या?"

"मी चुकलो तर एक ड्रम जातोय, सायेब. मशीन चुकलं तर समदंच जाणार. ती पोरगी माझ्या भरवशावर शिकवत हुती."

"तिला सांगायचं होतं."

"सांगितल्यावर कामावर ठेवलं असतं व्हय?"

डिस्क त्याच्या घरी पिठाच्या डब्यात मिळाल्या, कापडात गुंडाळलेल्या. पुण्याचे लोक यायला अजून दोन दिवस होते.

फौंड्रीचा मालक तातडीने ठाण्यात आला. "माल मिळाला, विषय संपला. आम्ही फिर्याद मागं घेतो. तेवढं कानाचं जबाबात नको, साहेब. दोन वर्सं माल गेलाय बाहेर." मग डिस्क ओळखायला आलेल्या त्या इंजिनिअर मुलीकडे वळला. "तुझं मशीन परवा पास होतंय. बाकी कुणाला कळतंय?"

तिने मिस्त्रीच्या समोर जाऊन विचारलं, "मामा, किती चुकलं असेल?"

"तेच तर ठावं न्हाय, पोरी."

तिने डिस्क बाजूला सरकवल्या. मग मला म्हणाली, "जबाबात राहू दे, साहेब." आणि ठाण्याच्या व्हरांड्यातूनच पुण्याला फोन करून तिने भेट रद्द केली. ते लोक पुन्हा आले नाहीत. चोरीचा खटला पुढे न्यायालयात तडजोडीने मिटला. मिस्त्रीचं काम गेलं. जबाब मी वरिष्ठांकडे पाठवला आणि बाहेर गेलेल्या मालाची फेरतपासणी मालकाला करावीच लागली.

त्यानंतर यंत्र चुकल्याच्या तक्रारी ठाण्यात वाढतच गेल्या. प्रत्येक वेळी मी वहीत आधी दोन प्रश्न लिहायचो. या यंत्राला शिकवलं कोणी? आणि शिकवणाऱ्याला 'मला जमत नाही' असं सांगायची सोय होती का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'होती' असं मला एकदाही लिहायला मिळालं नाही.