पोटाची चौकशी

सर्जन लोकांकडे ऑपरेशन थिएटरमधले किस्से असतात. माझ्याकडे आहेत ते लोकांच्या सोफ्यावरचे, आणि नको म्हटलं तरी साठत जातात. मोबाईलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, तेव्हाची गोष्ट. आमचे सर पोटातल्या कॅन्सरची ऑपरेशनं करायचे, लिव्हर ट्रान्सप्लांटही करायचे. पेशंट घरी गेल्यावर कसा जगतो, यावर त्यांचा रिसर्च चालू होता. मी त्यातली सोशल वर्कर, दर महिन्याला घरी जाऊन भूक, झोप, दुखणं कमी की जास्त ते फॉर्मवर लिहून घेणारी. राहायला मीरा रोडला, म्हणून दहिसरच्या पुढचे सगळे पेशंट माझ्या गळ्यात!

•

मीरा रोडच्याच बेव्हर्ली पार्कमधले एक शेठ. आतड्याचं ऑपरेशन झालेलं, पण बिल्डिंगमध्ये कुणाला कळता कामा नये. मला म्हणाले, "कोणी पूछा तो विमा एजंट बोलो." मी तसंच सांगत गेले. तिसऱ्या खेपेला शेजारणीने जिन्यातच गाठलं, "मेरी भी पॉलिसी निकालो ना!"

उन्हात फिरून डोकं उठलेलं. म्हटलं, "भगवान करे, आपको ज़रूरत ही ना पड़े."

बाई बघतच राहिली. "ऐसे धंदा करोगी तो हो गया!"

•

भाईंदरजवळच्या मुर्धा गावातल्या एक मावशी, मासे विकणाऱ्या. त्यांचं सगळं जठर काढलेलं. थोडं थोडं खा, तिखट नको, हे मी शंभरदा सांगितलेलं. एकदा वैतागल्या. "पोट न्हाय ऱ्हायलं, पन जीभ हाय ना! डाक्टरला सांग, काढायची तर दोन्ही काढायची व्हती!"

सरांना सांगितलं. त्यांनी मानही वर केली नाही. "कोलंबी किती खाल्ली, ते विचारलंस का?"

•

मीरा रोडच्या हाटकेश भागातले दोघे भाऊ. धाकट्याच्या लिव्हरमध्ये गाठ होती, थोरल्याने आपल्या लिव्हरचा तुकडा दिला. काही महिन्यांनी मी भेटायला गेले, तर दोघांचं बोलणं बंद! आईच्या फ्लॅटवरून कोर्टात. मी थोरल्याला समजवायला गेले, "अहो, तुम्ही त्याला लिव्हर दिलंत!"

"मॅडम, लिव्हर देताना मी फ्लॅट मध्ये आणला नाही. आता तुम्ही फ्लॅटमध्ये लिव्हर आणू नका!"

•

एकदा अशीच दमून घरी आले. नवऱ्याने विचारलं, "भूक लागलीय?"

मी म्हटलं, "मागच्या महिन्यापेक्षा कमी की जास्त?"

त्याने ताट वाढलं.

•

सावंत मूळचे रत्नागिरीकडचे, भाईंदरला एका कारखान्यात फिटर. स्वादुपिंडाचं ऑपरेशन झालेलं. कधीही विचारा, "एकदम झकास!" बायको मागे उभी राहून खाली बघायची.

मग तपासणीत पोटात पुन्हा गाठ निघाली. दुखत कधीपासूनच होतं. ओपीडीबाहेर मी जरा चिडूनच विचारलं, "सांगितलं का नाहीत?"

"सर एवढे राबले, मॅडम. म्हटलं, माझ्यामुळे त्यांचा रिसर्च बिघडायला नको."

आत जाऊन मी हे सरांना सांगितलं. सर ओपीडी तशीच सोडून बाहेर आले आणि बाकड्यावर सावंतांच्या शेजारी बसले. नुसते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

शेवटी सावंतांनीच त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"होतं सर, कधीकधी. पुढचा पेशंट बरा होईल, बघा."